बँक देईल तेवढे, की आपल्याला झेपेल तेवढे?

गेल्या दिवाळीच्या सुटीत आपल्या महाविद्यालयाची एक माजी विद्यार्थिनी पतीला घेऊन माझ्याकडे आली. अर्थशास्त्र घेऊन ती बी. ए. झाली, पुढे स्पर्धा परीक्षा देऊन राज्य शासनाच्या सेवेत अधिकारी म्हणून लागली. पती व्यापारी जहाजावर सेकंड ऑफिसर आहेत. फराळ झाला, जुन्या आठवणी निघाल्या, आणि मग तिने पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "सर, खारघरला घर पाहिलंय. बँक एक कोटी पस्तीस लाख द्यायला तयार आहे. घ्यावेत का?"

तीन वर्षे मी तिला मागणी-पुरवठ्याचे वक्र शिकवले, केन्सचा गुणक शिकवला. पण मिळवत्या माणसाने कर्ज किती काढावे, हे मी वर्गात कधीच शिकवले नव्हते. त्या क्षणी मला थोडी लाज वाटली, आणि हा लेख त्या लाजेपोटीच लिहिला आहे. त्या दोघांच्या परवानगीने त्यांचे आकडे थोडे गोल करून येथे देतो. विद्यार्थी मित्रहो, आज तुमच्या खिशात एस. टी. चा पास असेल, पण दहा वर्षांनी हाच कागद तुमच्यापुढे येणार आहे.

कर्जाची जुनी भीती आणि नवी बेफिकिरी

आपल्या या किनाऱ्यावर 'गहाण' हा शब्द आजही मोठ्या माणसांच्या तोंडून हळू आवाजात निघतो. त्याला कारण आहे. खोतीच्या काळात कुळाच्या घरात पिकलेले भात खोताच्या कोठारात जाई आणि उरलेले वर्ष कर्जावर काढावे लागे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे संप करून जमिनी कसण्याचे नाकारले, तो याच व्यवस्थेविरुद्ध. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. घाटावर तर १८७५ सालीच शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि गहाणखते जाळली होती. 'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण या अनुभवातून लोकांच्या मनात मुरलेली आहे.

पुढे काळ पालटला. १९७७ साली घरासाठी कर्ज देणारी एचडीएफसी ही संस्था निघाली, नंतर राष्ट्रीयीकृत बँकाही या व्यवसायात उतरल्या. नोकरदार माणसाला निवृत्तीच्या पैशांतून म्हातारपणी घर बांधण्याऐवजी तरुणपणीच घरात राहता येऊ लागले. हे चांगलेच झाले. घरकर्ज म्हणजे सावकारी नव्हे. पण भीती गेली, तिच्याबरोबर हिशेबही गेला. पूर्वी माणूस विचारी, "कर्ज काढावे की नाही?" आता विचारतो, "जास्तीत जास्त किती मिळेल?" या दोन प्रश्नांच्या मध्ये एक तिसरा प्रश्न आहे, "किती झेपेल?" तो कोणी विचारत नाही.

बँक काय पाहते?

आता तो कागद पाहू. पत्नीचा हातात येणारा पगार ८५ हजार. पती जहाजावर असताना महिना ३ लाख मिळवतात, पण जहाजावर असतील तेवढेच महिने. वर्षातले ७ महिने धरले तर २१ लाख, म्हणजे महिन्याला सरासरी १ लाख ७५ हजार. दोघांचे मिळून २ लाख ६० हजार. आपल्याकडच्या मानाने हे उत्पन्न मोठेच आहे.

बँक साधारणतः उत्पन्नाचा काही भाग हप्त्यासाठी धरते. उत्पन्न मोठे असेल तर हा भाग निम्म्याहूनही अधिक धरला जातो. येथे ५५ टक्के धरला होता. म्हणजे महिना १ लाख ४३ हजार. साडेआठ टक्के दराने २० वर्षांच्या मुदतीला एका लाखामागे महिन्याचा हप्ता सुमारे ८६८ रुपये पडतो. त्या हिशेबाने या दांपत्याला जवळजवळ १ कोटी ६५ लाख कर्ज मिळू शकले असते. दर वरखाली होत असतो. आपण हिशेबापुरता साडेआठ धरू.

मग १ कोटी ३५ लाखच का? कारण येथे रिझर्व्ह बँकेचा नियम आड येतो. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि ७५ लाखांवरच्या कर्जाला ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते. घराची किंमत १ कोटी ८० लाख. त्याचे ७५ टक्के म्हणजे १ कोटी ३५ लाख. उरलेले ४५ लाख पदरचे घालायचे. शिवाय मुद्रांक शुल्क या हिशेबात धरत नाहीत. ७ टक्क्यांनी ते १२ लाख ६० हजार होते, आणि नोंदणी फी ३० हजार. म्हणजे ५८ लाख रोख हवेत. इमारतीला भोगवटा दाखला मिळालेला होता, म्हणून जीएसटी नाही. बांधकाम चालू असते तर तोही द्यावा लागला असता.

त्यांच्याजवळ शिल्लक होती ४० लाख. कमी पडणारे १८ लाख कोठून आणायचे? तिने क्षणभर पतीकडे पाहिले आणि म्हणाली, "श्रीवर्धनची वाडी विकायची म्हणतो आहोत." वाडी सासऱ्यांची. सुपारीची. त्याकडे मी शेवटी येतो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. बँकेचा हिशेब खोटा नसतो, पण तो बँकेचा असतो. कर्ज बुडू नये एवढेच तिला पाहायचे असते, आणि त्यासाठी घर तिच्याकडे तारण असते. सलग ९० दिवस हप्ता थकला की खाते अनुत्पादक ठरते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे ६० दिवसांची नोटीस देऊन बँकेला न्यायालयात न जाता घराचा ताबा घेण्याची कारवाई करता येते. तुमच्या आईचे औषध, मुलीचे शिक्षण, बहिणीच्या घरचे कार्य हे बँकेच्या तक्त्यात कोठेच नसते. ते तुमच्याच तक्त्यात असायला हवे.

हप्त्याच्या पोटात काय असते?

१ कोटी ३५ लाखांचा २० वर्षांचा हप्ता होतो सुमारे १ लाख १७ हजार. त्यातून पहिल्या महिन्यात मुद्दल किती फिटते? अवघे साडेएकवीस हजार. बाकीचे साडेपंच्याण्णव हजार व्याज. व्याज नेहमी उरलेल्या मुद्दलावर लागते, आणि सुरुवातीला सगळेच मुद्दल उरलेले असते. हा बँकेचा कावा नव्हे, हे साधे गणित आहे. पण त्याचा परिणाम ऐका. दहा वर्षे बिनचूक हप्ते भरले तर भरणा होतो सुमारे १ कोटी ४० लाखांचा. त्यांतले १ कोटी व्याजापोटी गेलेले असतात आणि मुद्दल फिटलेले असते ४० लाख. निम्मी मुदत संपली तरी ७० टक्के कर्ज डोक्यावर असते. वीस वर्षांनी हिशेब मिटतो तेव्हा व्याजच १ कोटी ४६ लाख भरलेले असते.

"मुदत वाढवा, हप्ता हलका होईल," असे कोणी सांगितले तर हा तक्ता मनात धरा. १ कोटीला १५ वर्षांत एकूण व्याज ७७ लाख, २० वर्षांत १ कोटी ८ लाख, आणि ३० वर्षांत १ कोटी ७७ लाख. वीसावरून तीस वर्षांवर गेल्याने हप्ता दहा हजारांच्या आतच कमी होतो.

दर चढला तर?

दुसरी गोष्ट व्याजदराची. आजची बहुतेक घरकर्जे बदलत्या दराची असतात. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची घरकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली असतात. रेपो दर मे २०२० पासून दोन वर्षे ४ टक्क्यांवर होता. मे २०२२ मध्ये तो चढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर गेला. म्हणजे नऊ महिन्यांत अडीच टक्के! पुढे २०२५ सालात तो टप्प्याटप्प्याने उतरला.

त्या वाढीत काय होते ते एका उदाहरणाने पाहू. १ कोटीचे कर्ज पावणेसात टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, हप्ता ७६ हजार. एक वर्षानंतर दर दोनच टक्क्यांनी वाढून पावणेनऊ झाला. हप्ता तोच ठेवला, तर उरलेली १९ वर्षे किती होतात? ३१ वर्षांहून अधिक. पस्तिशीत घेतलेले कर्ज निवृत्तीनंतरही सात-आठ वर्षे मागे लागते. आणि मुदत तीच ठेवायची म्हटले तर हप्ता ८८ हजारांवर जातो, म्हणजे दरमहा १२ हजार जास्त. अनेक घरांतून मुदत अशी गुपचूप वाढलेली असते आणि घरच्यांना तिचा पत्ताही नसतो, कारण खात्यातून कापली जाणारी रक्कम बदललेली नसते. म्हणून कर्जाचा उतारा वर्षातून एकदा तरी डोळ्यांखालून घालावा.

हे मी पुस्तकी सांगत नाही. १९९६ साली मी स्वतः घरासाठी कर्ज काढले, तेव्हा दर १५ टक्क्यांच्या घरात होता. मिळेल तेवढे घेतले. पगार वेळेवर होता, हप्ताही जात होता. दुसऱ्याच वर्षी वडिलांना पक्षाघात झाला. मुंबईच्या फेऱ्या, औषधे, रात्री सोबत करणारा माणूस. यांतले काहीच मी हिशेबात धरले नव्हते. भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले, पत्नीच्या पाटल्या मोडल्या. घर राहिले, परंतु त्या चार वर्षांत वडिलांच्या उशाशी बसूनही मी मनात आकडेमोडच करीत होतो, ही खंत मला आजही आहे. कर्ज फार झाले की ते केवळ पैसे नेत नाही, माणसाचे लक्ष नेते.

वाईट वर्षाचा हिशेब

तेव्हा मी त्या दोघांना म्हटले, "आपण चांगल्या वर्षाचा हिशेब बाजूला ठेवू. वाईट वर्षाचा मांडू."

नाविकाच्या घरी वाईट वर्ष ही कल्पना नव्हे. २०२० साली महासाथीमुळे बंदरे बंद झाली. जगभरातले सुमारे ४ लाख नाविक करार संपूनही जहाजांवर अडकून पडले, आणि त्यांच्या जागी जायचे ते तितकेच लोक पगाराविना घरी बसले. आपल्या किनाऱ्यावरच्या किती घरांनी ते दिवस पाहिले आहेत! म्हणून धरू की एखाद्या वर्षी पतींना चारच महिने जहाज मिळाले. १२ लाख, म्हणजे महिना १ लाख. पत्नीचे ८५ हजार. एकूण १ लाख ८५ हजार.

आता खर्च. घरखर्च ७० हजार. आईवडील आणि वाडी यांना २० हजार. मुलीच्या शाळेला १० हजार. आयुर्विमा व आरोग्यविमा १० हजार. बेरीज १ लाख १० हजार. उरतात ७५ हजार. एवढाच हप्ता वाईट वर्षी झेपेल, आणि तोही शिल्लक शून्य धरून.

पण दरही चढू शकतो. म्हणून आजच्या दरात दोन टक्के मिळवू, साडेदहा धरू. त्या दराने २० वर्षांना लाखामागे हप्ता पडतो सुमारे ९९८ रुपये. ७५ हजारांत कर्ज बसते ७५ लाख. बँक म्हणते १ कोटी ३५ लाख, वाईट वर्ष म्हणते ७५ लाख!

दोघेही काही वेळ गप्प होते. मग पती म्हणाले, "सर, वाईट वर्ष रोज थोडंच येतं?"

मी म्हटले, "रोज येत नाही. पण २० वर्षांत एकदाही येणार नाही, असं तुम्ही सांगू शकता का?" १ कोटी ३५ लाख घेतले असते तर त्या वर्षी हप्ता देऊन ६८ हजार उरले असते आणि खर्च होता १ लाख १० हजार. महिना ४२ हजारांची तूट, वर्षाला पाच लाखांची. शिल्लक सगळी घरात घातलेली. मग ती तूट भरायची कशाने? क्रेडिट कार्डाने, की दुसऱ्या कर्जाने?

७५ लाखांचे कर्ज घेतले तर आजच्या दराने २० वर्षांचा हप्ता ६५ हजार येतो, म्हणजे चालू सरासरी उत्पन्नाचा चौथा हिस्सा. घर घ्यायचे सुमारे ९४ लाखांचे, म्हणजे कर्ज किमतीच्या ८० टक्क्यांच्या आत बसते. पदरचे १९ लाख, मुद्रांक व नोंदणीचे सुमारे ७ लाख, लाकूडसामानाला ३ लाख. एकूण २९ लाख. ४० लाखांतले ११ लाख शिल्लक राहतात, आणि सहा महिन्यांचे हप्ते व घरखर्च मिळून साधारण तेवढेच होतात. ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायची आणि तिला हात लावायचा नाही.

आणखी एक युक्ती नाविकांना आणि हंगामी उत्पन्न असणाऱ्या सर्वांनाच उपयोगी आहे. मुदत २० वर्षांचीच घ्यावी, म्हणजे बंधनकारक हप्ता लहान राहतो. पण जहाजावरच्या महिन्यांत जास्तीची रक्कम मुद्दलात भरावी. बदलत्या दराच्या वैयक्तिक घरकर्जावर बँकांना मुदतपूर्व फेडीसाठी दंड घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच तो बंद केला. दर वर्षी एकच हप्ता जास्त भरला तरी २० वर्षांचे कर्ज तीन वर्षांहून अधिक लवकर फिटते. लवकर फेडणे ही आपली मर्जी असावी, सक्ती नसावी.

दुसरी बाजू

दुसरी बाजू मांडली नाही तर शिक्षकाचा धर्म बुडेल. मोठे कर्ज घ्यावे असे म्हणणाऱ्यांचेही मुद्दे आहेत. तरुण माणसाचा पगार वाढत जातो आणि हप्ता जवळपास तसाच राहतो, म्हणून आज जड वाटणारे ओझे दहा वर्षांनी हलके होते. हे खरे आहे. दोघांच्याही नोकऱ्या कायम असतील, निवृत्तिवेतन असेल, आईवडील स्वतंत्र असतील, तर माझा हिशेब त्यांच्यासाठी थोडा सैल करता येईल. म्हणूनच 'उत्पन्नाच्या अमुक टक्के' असा एकच नियम सर्वांना लावू नये. हिशेबाची रीत एक असावी, उत्तर ज्याचे त्याचे.

दुसरा मुद्दा, जागेचे भाव वाढतात. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला, नवी मुंबईचे विमानतळ सुरू झाले, आणि उरण-पनवेलच्या भावांची चर्चा नाक्यानाक्यावर ऐकू येते. भाव वाढतीलही. पण राहत्या घराचा भाव वाढला म्हणून हप्ता भरता येत नाही. त्यासाठी घर विकावे लागते, आणि मग राहायचे कोठे?

तिसरा मुद्दा करसवलतीचा. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती मिळत नाही. आणि मिळाली तरी तीस पैसे कर वाचवण्यासाठी एक रुपया व्याज भरणे यात कोणते शहाणपण?

कागद आणि किनारा

रक्कम ठरली तरी आपल्या भागात दोन-तीन गोष्टी पाहिल्याशिवाय सही करू नये. सातबारा आणि बिनशेतीचा आदेश पाहावा. भरतीरेषेजवळची जागा असेल तर सागरी किनारा नियमन क्षेत्रात ती कोठे बसते ते विचारावे. नवी इमारत महारेरात नोंदलेली आहे का ते पाहावे. आणि कर्जाएवढा मुदतीचा विमा मिळवत्या माणसाच्या नावे घ्यावा, म्हणजे दुर्दैवाने काही झाले तर मागे राहणाऱ्यांना घर मिळेल, कर्ज नव्हे.

वाडीचा प्रश्न

आता राहिली वाडी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धनच्या वाड्यांतून सुपारीची झाडे काड्या मोडाव्यात तशी मोडली. श्रीवर्धनी रोठा म्हणून जिची ख्याती, ती पिढ्यांची सुपारी एका दुपारी आडवी झाली. या मुलीच्या सासऱ्यांनी त्याच पावसाळ्यात नवी रोपे लावली. सुपारी धरायला सहा-सात वर्षे लागतात. म्हणजे आता कुठे ती झाडे फळाला येतील. मुलाने वाडीचे विचारले तेव्हा म्हातारे एवढेच म्हणाले, "विका. तुमच्यासाठीच आहे."

मी त्यांना भावनेने उत्तर दिले नाही, अर्थशास्त्राने दिले. वाडी ही त्यांच्याजवळची एकच मालमत्ता अशी आहे की जिच्यावर कोणाचाही बोजा नाही. वाईट वर्षाचेही वाईट वर्ष आले तर टेकायला तीच आहे. ती विकून जे मिळेल ते कशाला जाणार? कर्ज कमी करायला नव्हे, आणखी मोठे कर्ज घेता यावे म्हणून! आधार विकून ओझे विकत घेण्याचा हा व्यवहार आहे. शिवाय वाडी विकली की आईवडिलांचा रोजचा उद्योग आणि मिळकत गेली, मग त्यांना पाठवायचे २० हजार वाढणार. तेही आपल्याच तक्त्यात.

मार्गशीर्षात तिचा फोन आला. खारघरचा विचार सोडला आहे. पेणला एक घर पाहिले, दोन खोल्या कमी आहेत, पण तिच्या कचेरीला जवळ आहे. कर्ज ७२ लाखांचे. पती पुढच्या महिन्यात जहाजावर जाणार आहेत. सासऱ्यांना वाडी राहणार असल्याचे कळवले, तेव्हा ते फार काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाटाची दुरुस्ती काढली म्हणे.

मित्रहो, घर जरूर घ्या, कर्जही जरूर काढा. त्यात कमीपणा नाही. फक्त बँकेच्या कागदावर सही करण्याच्या आधी घरच्या कागदावर वाईट वर्षाचा हिशेब मांडा, आणि तो मांडताना आईवडिलांना आणि मुलांना रकान्याबाहेर ठेवू नका.

(अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक)